पोलिसांना फोन करावा का, हा प्रश्न मनात येतो तेव्हा

नाशिकमध्ये पाथर्डी फाटा परिसरात राहणाऱ्या एका वाचक भगिनीचे पत्र आले आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलून त्याचा सारांश देत आहे. त्या ६२ वर्षांच्या निवृत्त कर्मचारी असून यजमानांसह सोसायटीत राहतात. गेल्या काही महिन्यांपासून वरच्या सदनिकेतून रात्री भांडणाचे, वस्तू आपटल्याचे आणि बाईच्या ओरडण्याचे आवाज येतात. त्या घरात चार-पाच वर्षांचे मूल आहे. एका रात्री त्यांनी ११२ हा तातडीच्या मदतीचा क्रमांक लावला, पण पलीकडून आवाज येताच घाबरून फोन बंद केला. यजमान म्हणतात, नवरा-बायकोच्या भांडणात तिसऱ्याने पडू नये आणि शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये. सोसायटीच्या सचिवांना इमारतीची बदनामी नको आहे. शेजारच्या मोकळ्या प्लॉटवर अंबडच्या कारखान्यांत काम करणारी बाहेरगावची मुले रात्री बसू लागली आहेत, त्यांचीही भीती वाटते. नात्यातल्या एका गृहस्थांची पोलीस खात्यात ओळख आहे. आधी त्यांच्याकडून शब्द टाकावा की सरळ फोन करावा, आणि फोन करण्याइतके गंभीर नेमके कशाला म्हणायचे, असे त्यांनी विचारले आहे.

ताई, सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्रातील एका वाक्यापाशी मी बराच वेळ थांबले. तुम्ही लिहिता, ‘खात्री नसताना कुणाच्या दारात पोलीस पाठवणे बरे दिसेल का?’ तुमचा सगळा संकोच या एका वाक्यात आला आहे. मला तो भ्याडपणा वाटत नाही. दुसऱ्याच्या घराची अब्रू आपल्या हातून जाऊ नये, ही काळजी त्यामागे आहे. पण या वाक्यात तुम्ही असे गृहीत धरले आहे की पोलिसांना फोन करणे म्हणजे कुणावर तरी आरोप करणे, आणि आरोप करायचा तर आधी आपल्याजवळ पुरावा हवा. तुमचे पाऊल अडले आहे ते या गृहीतकापाशी, म्हणून आधी त्याबद्दल बोलते.

रात्री वरून किंकाळी ऐकू आली आणि तुम्ही ११२ लावला, तर तुम्ही फिर्याद देत नसता, फक्त खबर देत असता. काय ऐकले, कुठून ऐकले आणि केव्हा ऐकले, एवढेच तुम्हाला सांगायचे आहे. वर नेमके काय घडले, चूक कुणाची, मार लागला की नुसती भांडी पडली, हे पाहणे पोलिसांचे काम आहे. खात्री करून घेण्यासाठीच तर त्यांना बोलवायचे असते. ती खात्री तुम्ही खालच्या मजल्यावर बसून करू शकत नाही, आणि यजमानांना वर पाठवून करून घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. संतापलेल्या माणसाच्या दारात ६७ वर्षांच्या गृहस्थांनी एकट्याने उभे राहण्यात शौर्य असेल, पण शहाणपण नाही.

तुमच्या फोनमुळे वरच्या तरुणाला थेट तुरुंगात जावे लागेल, अशीही भीती तुमच्या लिहिण्यातून जाणवते. कायदा तसा नाही. पतीकडून किंवा त्याच्या नातेवाइकांकडून होणाऱ्या क्रूरतेचा गुन्हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ८५ मध्ये आहे. पोलीस त्याची दखल सर्वसाधारणपणे तेव्हाच घेऊ शकतात, जेव्हा ती स्त्री स्वतः किंवा तिचे रक्ताचे, लग्नाच्या वा दत्तक नात्याचे कुणी माहिती देते. शेजाऱ्याच्या एका फोनवर त्या कलमाखाली गुन्हा उभा राहत नाही. पुढे काय करायचे, हा निर्णय तिच्याकडेच राहतो. तुमचा फोन फक्त त्या रात्रीचा मार थांबवू शकतो. मात्र शस्त्र वापरले गेले, गंभीर दुखापत झाली किंवा जिवावर बेतले, तर गोष्ट वेगळी होते. तेव्हा कोणाच्याही माहितीवरून गुन्हा नोंदवणे पोलिसांवर बंधनकारक आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या पीठाने २०१३ मध्ये ललिता कुमारी खटल्यात हे निःसंदिग्धपणे सांगितले आहे.

शेजाऱ्यांनी लक्ष घालू नये, असे कायद्याला मुळीच वाटत नाही. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण करणारा २००५ चा कायदा पाहा. असा हिंसाचार घडला आहे, घडतो आहे किंवा घडण्याची शक्यता आहे असे मानायला कारण असलेली कोणतीही व्यक्ती त्यासाठी नेमलेल्या सरकारी संरक्षण अधिकाऱ्याला माहिती देऊ शकते, असे त्याच्या कलम ४ मध्ये म्हटले आहे. माहिती सद्भावनेने दिली असेल, तर देणाऱ्यावर दिवाणी वा फौजदारी अशी कोणतीही जबाबदारी येत नाही, हेही त्याच कलमात आहे. यजमानांना हा मजकूर अवश्य वाचून दाखवा. ते म्हणतात ती म्हण खोटी नाही. बांधाच्या वादात पिढ्या घालवून घरदार विकलेली माणसे पाहून ती तयार झाली असावी. पण तिच्यातला सल्ला स्वतःच्या हट्टापायी दावे लढवणाऱ्यांसाठी आहे. वरच्या मजल्यावर कुणी ओरडत असताना ती म्हण आपल्याला काही सांगत नाही.

आता प्रत्यक्ष फोनविषयी सांगते, कारण तिथेच तुमचा धीर सुटला होता.

महाराष्ट्रात कुठूनही ११२ लावला, तरी फोन सहसा नवी मुंबईतील मध्यवर्ती केंद्रात उचलला जातो, तुमच्या पोलीस ठाण्यात नाही. तिथून तुमच्या भागातील पोलीस वाहनाला निरोप जातो. म्हणून बोलणाऱ्याला नाशिकच्या खाणाखुणा माहीत असतील असे धरून चालू नका. तुम्ही ‘पाथर्डी’ म्हणालात तर तो अहिल्यानगर जिल्ह्यातील तालुका वाटू शकतो. ‘सिडको’ नवी मुंबईतही आहे, छत्रपती संभाजीनगरात आणि नांदेडमध्येही आहे. ‘इंदिरानगर’ तर कितीतरी गावांत सापडेल. सर्वांत आधी ‘नाशिक शहर’ म्हणा, मग भाग, मोठा चौक किंवा ठळक खूण, सोसायटीचे नाव, इमारत आणि मजला सांगा. त्यानंतर एका वाक्यात घटना सांगा: ‘वरच्या घरात बाईला मारहाण होत असल्याचा आवाज येतो आहे, घरात लहान मूल आहे, आत्ता चालू आहे.’ ‘आत्ता चालू आहे’ हे शब्द विसरू नका, कारण किती तातडीने धावायचे हे त्यावरून ठरते. कुणी जखमी आहे का, हातात शस्त्र आहे का, असे विचारतील. माहीत असेल तेवढे सांगा आणि नसेल तिथे ‘माहीत नाही’ म्हणा. अंदाजाने भर घालू नका. हा सगळा पत्ता एका कागदावर लिहून फोनजवळ ठेवा. घाबरल्यावर माणसाला स्वतःच्या घराचा क्रमांकही आठवत नाही.

फोन लावून मध्येच बंद केलात, तर तिकडून परत फोन येऊ शकतो. तो उचला आणि जे असेल ते सांगा. आपले नाव वरच्या घरी कळू नये असे वाटत असेल, तर तसे स्पष्ट सांगा. पोलीस आल्यावर तुम्ही दारात येऊन उभे राहण्याची गरज नसते. ‘मला खाली बोलावू नका, फोनवर विचारा’ असे सांगता येते. माझ्या मते नाव बाहेर फुटते ते बहुधा फोन करणाऱ्याच्याच बोलण्यातून, दुसऱ्या दिवशी जिन्यात किंवा सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटावर. फोन केल्यानंतर तिथे काही लिहू नका.

जबाबासाठी ठाण्यात खेटे घालावे लागतील, ही भीतीही तुम्ही व्यक्त केली आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७९ प्रमाणे तपासात साक्षीदार म्हणून विचारपूस करायची असेल, तर महिलेला, तसेच ६० वर्षांवरील पुरुषाला, ते राहतात त्याखेरीज दुसऱ्या ठिकाणी हजर राहायला लावता येत नाही. पोलिसांनी तुमच्या घरी येऊन विचारायचे असते. न्यायालयाचे समन्स आले तर मात्र जावे लागते, आणि ही शक्यता मी तुमच्यापासून लपवणार नाही. पण रात्रीच्या एका फोनवरून गोष्ट न्यायालयातील साक्षीपर्यंत जाईलच, असे नाही.

पोलीस आले, दोघांना समज दिली आणि निघून गेले, असेही होऊ शकते. तसे झाले तरी फोन वाया गेला असे समजू नका. ११२ वरील हाकेची वेळेसह नोंद राहते. पुढे कधी त्या तरुणीने न्यायालयात संरक्षण मागितले, तर ‘हे आजचे नाही’ हे दाखवायला अशी नोंद उपयोगी पडू शकते. ओळखीच्या गृहस्थांमार्फत शब्द टाकू नका असे मी म्हणते, त्यामागेही हेच कारण आहे. तसा निरोप पोहोचायला वेळ लागतो, तो कुठे लिहिला जात नाही, आणि चार तोंडांतून जाताना तुमचे नाव तेवढे सगळीकडे पोहोचते. पोलीस ठाण्याशी बोलायला नागरिकाला मध्यस्थ लागत नाही. ओळख नसणाऱ्यांनी काय करावे, हा प्रश्नच उरू नये म्हणून तरी ओळख असणाऱ्यांनी सरळ वाट धरावी, असे मला मनापासून वाटते.

आरडाओरड चालू असताना त्या तरुणीची परवानगी घेत बसू नका. इतर वेळी मात्र तिच्या परवानगीशिवाय काही करू नका. दुपारी, घरात ती एकटी असताना, काहीतरी निमित्त काढून भेटा. ‘नवरा मारतो का?’ असे थेट विचारू नका. ‘रात्री आवाज येतो, मला काळजी वाटते, कधीही खाली ये, दार उघडे आहे’ एवढे म्हणा आणि गप्प बसा. ती हसून विषय बदलेल. बदलू द्या. ज्या दिवशी बोलेल त्या दिवशी तिला १८१ ही महिला हेल्पलाइन सांगा, पीडित महिलांना एकाच ठिकाणी मदत देणाऱ्या सखी वन स्टॉप सेंटरविषयी सांगा, आणि महिला व बालविकास विभागाच्या संरक्षण अधिकाऱ्याकडे जाता येते हे सांगा. संरक्षण अधिकाऱ्यामार्फत ती न्यायदंडाधिकाऱ्यांकडून संरक्षण आदेश, राहत्या घरात राहण्याचा हक्क आणि पोटगी मागू शकते, आणि त्यासाठी आधी नवऱ्यावर फौजदारी गुन्हा नोंदवलाच पाहिजे असे नाही. अनेकींना हेच माहीत नसते. त्यांना वाटते, एक तर तुरुंग नाही तर मुकाट्याने सोसणे. मुलाला मार बसतो आहे असे दिसले, तर १०९८ हा बालकांसाठीचा क्रमांक आहे. तिथे तिच्या होकाराची वाट पाहू नका.

तुमचा दुसरा प्रश्न प्लॉटवरच्या मुलांचा. इथे मी तुम्हाला थोडे थांबवणार आहे. पत्रात तुम्ही त्यांचे कपडे, त्यांची भाषा, ती भाड्याच्या खोल्यांत दाटीने राहतात हे सगळे लिहिले आहे. त्यांनी काय केले हे मात्र कुठेच लिहिलेले नाही. बारा तास काम करून आलेल्या मुलांना बसायला दुसरी जागा नसेल. अनोळखी असणे हा गुन्हा नाही, आणि केवळ अनोळखी म्हणून कुणावर पोलीस पाठवणे त्या मुलांवर अन्याय आहे. त्या वेळी खरोखर संकटात असलेल्या दुसऱ्या घरावरही तो अन्याय होतो, कारण गाडी तेवढा वेळ तुमच्या प्लॉटवर अडकते. म्हणून फोन उचलण्यापूर्वी स्वतःला विचारा: ती माणसे कोण आहेत हे मी सांगणार आहे, की ती काय करत आहेत हे? हाणामारी, कोयता किंवा चाकू, मुलींची छेडछाड, गाड्यांची तोडफोड यांपैकी काही दिसले तर बेलाशक ११२ लावा. नुसते बसणे खटकत असेल तर तो पोलिसांचा विषय नाही. प्लॉट अंधारा आणि गवत माजलेला असेल तर पथदीपासाठी महापालिकेकडे अर्ज करा.

उघड्यावर दारू पिणे रोजचे झाले असेल, तर रोज रात्री ११२ लावण्यापेक्षा सोसायटीच्या वतीने पोलीस ठाण्याच्या वरिष्ठ निरीक्षकांना लेखी अर्ज देणे अधिक परिणामकारक ठरते. अर्जात कोणते वार, किती वाजता, काय दिसले एवढेच लिहा आणि त्या वेळेत गस्त मागा. दोन प्रती न्या, एकीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांकाची पोच घ्या. त्याच भेटीत आपल्या भागाचा बीट अंमलदार, म्हणजे त्या भागाची जबाबदारी असलेला पोलीस, कोण, हे विचारून त्याचा क्रमांक सूचनाफलकावर लावा. सचिवांना बदनामीची काळजी आहे ना? मग असा अर्ज त्यांच्याच सहीने जाऊ द्या. जिथले रहिवासी जागे असतात त्या इमारतीचे नाव त्यामुळे खराब होत नाही, हे त्यांना अनुभवाने पटेल.

पाथर्डी फाट्याच्या आसपास अंबड आणि इंदिरानगर या दोन ठाण्यांच्या हद्दी लागून आहेत. आपले घर कुठल्या हद्दीत येते हे निवांत वेळी विचारून ठेवा. मात्र तातडीच्या वेळी त्यात वेळ घालवू नका. गंभीर गुन्ह्याची माहिती कोणत्याही ठाण्यात देता येते, ती नोंदवून संबंधित ठाण्याकडे पाठवणे त्यांचे काम आहे. यालाच ‘झिरो एफआयआर’ म्हणतात, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये त्याला स्पष्ट आधार आहे. शहराबाहेर सिन्नर, इगतपुरी, दिंडोरी, निफाडकडे राहणाऱ्या वाचकांनी एवढे लक्षात ठेवावे की त्यांची ठाणी पोलीस आयुक्तांकडे नसून नाशिक ग्रामीणच्या पोलीस अधीक्षकांकडे येतात. गावात पोलीस पाटीलही असतो. ११२ मात्र सगळ्यांना एकच आहे.

तुमच्यासारखीच पत्रे इतरांचीही येतात, म्हणून थोडक्यात आणखी काही सांगते. ऑनलाइन पैसे गेले तर ठाण्यात जाण्याच्या तयारीत वेळ न दवडता आधी १९३० हा सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा क्रमांक लावावा, कारण पैसे पुढच्या खात्यांत पांगण्यापूर्वी गोठवता आले तरच वाचतात. व्हिडिओ कॉलवरून ‘डिजिटल अटक’ करणारा पोलीस खरा नसतो, कारण कायद्यात असा प्रकारच नाही. मुंबई-आग्रा महामार्गावर अपघात दिसला तर रुग्णवाहिकेसाठी १०८ लावून जखमीला मदत करा. मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४-अ मुळे मदत करणाऱ्याला संरक्षण आहे आणि नाव सांगण्याची सक्ती नाही. रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत लाउडस्पीकर सुरू असेल तर तक्रार करा. अशा तक्रारीत तक्रारदाराची ओळख तपासत न बसता आणि ती उघड न करता कारवाई व्हावी, असे मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये सांगितले आहे. घरफोडी झालेली दिसली तर आत जाऊन कपाटे चाचपू नका. बाहेर थांबा आणि फोन करा.

शेवटी, ठाण्यात ऐकून घेतले गेले नाही तर काय करायचे? किरकोळ मारहाण, शिवीगाळ असे गुन्हे अदखलपात्र असतात. त्यांची नोंद, म्हणजे एन.सी., घेतली जाते, पण न्यायदंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलीस त्याचा तपास करू शकत नाहीत. त्यामुळे ‘एन.सी. घेतली’ याचा अर्थ दर वेळी टाळाटाळ असा नसतो. तिची प्रत मागून जपून ठेवावी. दखलपात्र गुन्ह्याची माहिती मात्र लिहून घ्यावीच लागते. ती तुम्हाला वाचून दाखवली पाहिजे आणि तिची प्रत विनामूल्य दिली पाहिजे. माहिती इलेक्ट्रॉनिक मार्गानेही पाठवता येते, पण मग तीन दिवसांच्या आत जाऊन सही करावी लागते. ‘आपसात मिटवून घ्या’ असे सांगून परत पाठवले, तर वाद न घालता ठाणे अंमलदाराचे नाव आणि वेळ लिहून घ्या, तीच माहिती पोलीस आयुक्तांकडे लेखी स्वरूपात टपालाने पाठवा, आणि तरीही काही झाले नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो.

अर्ज, वकील, खर्च हे शब्द ऐकूनच वरची तरुणी मागे सरेल, म्हणून ही गोष्ट तिला आधीच सांगून ठेवा. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून महिलांना, त्यांचे उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळतो. नाशिकच्या जिल्हा न्यायालयात त्याची चौकशी करता येते, आणि १५१०० या क्रमांकावर फोनवरूनही माहिती मिळते. तुम्ही फोनजवळ ठेवणार आहात त्या कागदावर, ११२ च्या खाली, १८१ आणि १५१०० हेही लिहा, आणि त्याची एक प्रत तिच्यासाठी काढून ठेवा.